चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, फोटो कालचा, हक्क कोणाचा?

बर्लिनच्या नोयेस म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा आहे. वय सुमारे ३,३०० वर्षं. संग्रहालयाने त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग करून घेतलं होतं, पण ती फाइल बाहेर कोणाला मिळत नव्हती. कॉझ्मो वेनमन या अमेरिकन कलाकाराने जर्मनीच्या माहिती अधिकार कायद्याखाली ती मागितली, काही वर्षं पिच्छा पुरवला आणि अखेर ती मिळवून २०१९ मध्ये जगासाठी खुली केली. त्या फाइलमधल्या पुतळ्याच्या बुडाशी एक मजकूर कोरलेला होता: क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना. आमचं नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, पुढे कोणाला द्याल तर याच अटींवर द्या. मूळ पुतळ्यावर अर्थातच असं काही नाही. हा मजकूर फक्त डिजिटल प्रतीवर चढवलेला. ज्याच्या कार्यशाळेच्या अवशेषांत हा पुतळा सापडला, तो शिल्पकार थुतमोस जाऊन तेहतीस शतकं उलटली आहेत. मग ही अट घातली कोणी आणि कशाच्या जोरावर?

किस्सा विनोदी आहे, पण जगभरची कला-संग्रहालयं गेली पंचवीस-तीस वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्यांच्याकडच्या वस्तूंचा थोडासाच भाग दालनांत मांडलेला असतो, बाकीचा कोठारात. इंटरनेट आलं तेव्हा वाटलं, आता सगळंच लोकांपुढे ठेवता येईल. मग लक्षात आलं की चित्र भिंतीवर टांगायला कोणाला विचारावं लागत नाही, पण त्याच चित्राचा फोटो संकेतस्थळावर टाकायचा तर कधी कधी तीन-चार जणांना विचारावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या कलेच्या बाबतीत कॉपीराइट हा अडसर कमी आणि आडोसा जास्त असतो. नव्या कलेच्या बाबतीत मात्र तो खराखुरा अडसर आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

मालकी एकाची, कॉपीराइट दुसऱ्याचा

पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकायचा हक्क मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. चित्रालाही हाच नियम लागू होतो, पण तिथे तो पटकन ध्यानात येत नाही. कारण चित्र एकच असतं आणि ते ज्याच्याकडे आहे तोच त्याचा सर्वेसर्वा वाटतो. संग्रहालयाने कितीही पैसे मोजून एखादं चित्र घेतलं तरी बहुतेक देशांत त्याच्या हाती येतो तो फक्त कॅनव्हास. त्याच्या प्रती काढण्याचा आणि त्या लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क चित्रकाराकडे आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांकडे राहतो. विकताना तो लेखी लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या एका चित्रामागे किती जण उभे असतात पाहा. वस्तूचा मालक, चित्र काढणारा, चित्राचा फोटो काढणारा, आणि ज्या संकेतस्थळावर तो फोटो आहे त्याच्या अटी लिहिणारा. यातल्या प्रत्येकाचा दावा वेगळा, प्रत्येकाची मुदत वेगळी.

मुदतीचा घोळ तर विलक्षण आहे. युरोपीय संघात साधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट टिकतो, भारतात ६०, मेक्सिकोत १००. पिकासोचं उदाहरण घ्या. तो एप्रिल १९७३ मध्ये गेला. भारतात त्याच्या चित्रांचा कॉपीराइट २०३३ च्या अखेरीस संपेल, फ्रान्समध्ये २०४३ च्या अखेरीस आणि त्याच्या मायदेशी, स्पेनमध्ये, २०५३ च्या अखेरीस. स्पेनचं कारण असं, की तिथल्या जुन्या कायद्यात मुदत ८० वर्षं होती आणि डिसेंबर १९८७ पूर्वी वारलेल्या लेखक-कलावंतांना तीच लागू राहिली. अमेरिकेत जुन्या कलाकृतींची मोजणी मृत्यूपासून होतच नाही, प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. आता चित्र ‘प्रकाशित’ कधी झालं म्हणायचं? स्टुडिओत टांगलं तेव्हा, प्रदर्शनात लागलं तेव्हा, की एखाद्या नियतकालिकात छापून आलं तेव्हा? यावर वकिलांची पोटं भरतात.

संकेतस्थळ मात्र सगळ्या देशांत एकदमच उघडतं. त्यामुळे सावध संग्रहालयं सगळ्यांत कडक देशाचा हिशोब धरतात आणि चित्र झाकून ठेवतात.

जुन्या चित्राचा नवा फोटो

आता सगळ्यांत रंगलेला वाद. चित्रकाराला जाऊन शतकं झाली, चित्र पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर कोणाचाच कॉपीराइट उरलेला नाही. पण संग्रहालयाच्या फोटोग्राफरने परवा त्याचा उत्तम फोटो काढला. त्या फोटोवर नवा कॉपीराइट तयार होतो का?

संग्रहालयं वर्षानुवर्षं ‘हो’ म्हणत आली. त्यांचा मुद्दा हास्यास्पद नव्हता. मोठ्या तैलचित्राचा नीट फोटो काढणं हे कौशल्याचं काम आहे. वॉर्निशवरची चकाकी टाळायची, प्रकाश सगळीकडे सारखा पाडायचा, रंग मूळ चित्राशी जुळवायचे. कॅमेरा, दिवे, माणसं, वेळ, सगळ्याला खर्च येतो.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात ब्रिजमन आर्ट लायब्ररी विरुद्ध कोरेल हा खटला निकाली निघाला. ब्रिजमन ही संग्रहालयांतल्या चित्रांच्या प्रतिमा पुरवणारी संस्था. कोरेल या सॉफ्टवेअर कंपनीने जुन्या चित्रांच्या प्रतिमांची सीडी काढली आणि त्यात आमच्या प्रतिमा चोरल्या आहेत, असं ब्रिजमनचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की सपाट चित्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फोटोत स्वतःचं असं काही नसतं, म्हणून त्यावर कॉपीराइट नाही. मेहनत झाली असेल, पण कॉपीराइट मेहनतीला मिळत नाही, नवनिर्मितीला मिळतो. यातली गंमत संग्रहालयांना चांगलीच झोंबली असणार: फोटो जितका निर्दोष, तितका त्यावरचा दावा लंगडा.

हा निकाल एका जिल्हा न्यायालयाचा होता, पण अमेरिकेत तोच रूढ झाला. युरोपात दोन दशकं धुसफुस चालू राहिली. २००९ मध्ये विकिपीडियाच्या एका अमेरिकन स्वयंसेवकाने लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावरून तीन हजारांहून जास्त मोठ्या प्रतिमा उतरवून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहावर, टाकल्या. गॅलरीच्या वकिलांचं पत्र आलं, बातम्या झाल्या, पण प्रकरण न्यायालयात गेलं नाही. जर्मनीतल्या मानहाइमच्या राइस-एंगलहॉर्न संग्रहालयाचं प्रकरण मात्र वरच्या न्यायालयापर्यंत पोचलं. तिथेही एका विकिपीडिया स्वयंसेवकाने संग्रहालयाच्या प्रकाशनातले फोटो स्कॅन करून टाकले होते आणि काही फोटो मनाई असताना दालनात स्वतः काढले होते. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने दोन्ही मुद्द्यांवर संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला. जर्मन कायद्यात साध्या फोटोलाही ५० वर्षांचं संरक्षण होतं, आणि आत येताना फोटो न काढण्याची अट मान्य केली असेल तर ती मोडणं हा करारभंग.

काही महिन्यांतच वारं फिरलं. २०१९ मध्ये युरोपीय संघाने कॉपीराइटचा नवा निर्देश मंजूर केला. त्याचं १४ वं कलम सांगतं की पब्लिक डोमेनमधल्या दृश्यकलाकृतीची नक्कल करून जे काही तयार होईल, त्यावर नवा कॉपीराइट नाही; त्या नकलेत स्वतःची सर्जनशील भर असेल तेवढाच अपवाद. सदस्य देशांना आपापले कायदे बदलायला जून २०२१ ची मुदत होती. ब्रिटन तोवर संघाबाहेर पडलं होतं. तिथे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात, शेअर बाजाराच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखांवरून, कॉपीराइटसाठी नुसतं कौशल्य आणि कष्ट पुरेसे नाहीत असं स्पष्ट केलं. त्या आलेखांचा चित्रकलेशी काडीचा संबंध नव्हता, तरी निकाल वाचून ब्रिटिश संग्रहालयांच्या प्रतिमा विभागांत अस्वस्थता पसरली नसती तरच नवल.

शिल्पांचं गणित थोडं निराळं आहे. पुतळ्याचा फोटो काढताना कोन, सावली, पार्श्वभूमी हे सगळं फोटोग्राफर ठरवतो, त्यामुळे तिथे त्याचा हक्क उभा राहू शकतो. पण स्कॅनरचं काम मापं घेण्याचं. तो जितका प्रामाणिक, तितकी त्यात निर्मिती कमी. म्हणून नेफर्टिटीच्या बुडाशी कोरलेला परवाना मला कायद्यापेक्षा सवयीतून आलेला वाटतो.

कायदा नसला तरी किल्ली असते

समजा कॉपीराइट नाहीच. म्हणून फोटो आपल्याला मिळतो का? नाही. चित्र संग्रहालयाच्या इमारतीत आहे, कॅमेरा लावायची परवानगी तेच देतात, आणि मोठी फाइल त्यांच्याच सर्व्हरवर आहे. संकेतस्थळावर छोटी, धूसर प्रत ठेवायची आणि छापण्याजोगी प्रत हवी असेल तर अर्ज, करार आणि शुल्क. हा करार कॉपीराइटवर अवलंबून नसतो. कागदावर ‘कॉपीराइट’ लिहिलेलं असलं तरी खरी ताकद फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याची. आडोसा म्हणालो तो याच अर्थाने.

इटलीने तर यासाठी वेगळा कायदाच केला आहे. २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी संग्रहातल्या कलाकृतींची प्रतिमा व्यापारासाठी वापरायची तर परवानगी आणि शुल्क लागतं. कलाकृती कितीही जुनी असो. लिओनार्दोने १४९० च्या सुमारास काढलेल्या ‘व्हिट्रुव्हियन मॅन’ या रेखाचित्राचं कोडं विकणाऱ्या राव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीला व्हेनिसच्या न्यायालयाने २०२२ मध्ये मनाई केली. कंपनी जर्मनीत न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने सांगितलं की इटलीचा हा कायदा इटलीच्या हद्दीपुरता. २०२३ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ मुखपृष्ठावर एका मॉडेलशी बेमालूम मिसळून दाखवल्याबद्दल ‘जीक्यू’ मासिकाच्या प्रकाशकाला एकूण ५०,००० युरो भरायला लावले. वारशाची विटंबना होऊ नये हा हेतू समजतो. पण ५०० वर्षांनंतरही परवाना लागत असेल तर कॉपीराइटला मुदत ठेवण्याला काय अर्थ उरला?

पैसे सुटतात का?

बंद ठेवण्याचं नेहमीचं कारण उत्पन्न. २००४ मध्ये सायमन टॅनर यांनी अमेरिकन कला-संग्रहालयांच्या शुल्कपद्धतीचा अभ्यास केला. अर्ज तपासणं, बिलं पाठवणं, पगार, यंत्रणा असा सगळा खर्च धरला तर प्रतिमाविक्रीतून म्हणण्यासारखा नफा होतो असं एकही संग्रहालय सांगू शकलं नाही. मोठ्या फोटो-संस्थांना जमत असेल, पण बहुतेकांचं काम रुपया मिळवायला सव्वा रुपया घालण्याचं. आणि गिऱ्हाईक कोण? बऱ्याचदा कला-इतिहासाचे अभ्यासक. एका पुस्तकात शंभर चित्रं असली तर प्रत्येकाचं शुल्क लेखकाच्या खिशातून. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या कला-इतिहासकारांनी याविरुद्ध जाहीर पत्रच लिहिलं.

उलट बाजूची गोष्ट ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची. वर्मीरचं ‘दूध ओतणारी स्त्री’ हे १६६० च्या सुमाराचं चित्र त्यांच्याकडे आहे. त्याच्या हजारो वाईट प्रती इंटरनेटवर फिरत होत्या, बऱ्याचशा पिवळट. परिणाम असा, की संग्रहालयाच्या दुकानातली योग्य रंगाची पोस्टकार्डं पाहून लोकांना तीच खोटी वाटायची. नकला रोखणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी स्वतःच चांगली प्रत फुकट देऊन टाकली. २०१२ मध्ये मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद असतानाच त्यांनी राइक्सस्टुडिओ हे ऑनलाइन दालन सुरू करून सव्वा लाख प्रतिमा खुल्या केल्या. हवं ते करा म्हणाले. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची २०२२ मध्ये आलेली ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची, प्रतिमा हा त्याच धोरणाचा पुढचा टप्पा. तिच्यात रंगाचे कणसुद्धा वेगळे दिसतात.

मग रांग लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमांवरचा सगळा दावा सोडला, पॅरिसच्या नगर-संग्रहालयांनी २०२० च्या जानेवारीत एक लाखाहून अधिक प्रतिमा मोकळ्या केल्या आणि पुढच्याच महिन्यात स्मिथसोनियन या अमेरिकन संग्रहालय-समूहाने २८ लाख. यासाठी वापरतात ती खूण म्हणजे सीसी झीरो: जो काही हक्क आमच्याकडे असेल तोही आम्ही सोडतो. ब्रिटिश म्युझियमने त्याच वर्षी १९ लाख प्रतिमा ठेवल्या, पण व्यापारी वापराला मनाई करून. ही अट ऐकायला वाजवी वाटते. प्रत्यक्षात तिचा त्रास भल्या माणसालाच होतो. ब्लॉगवर जाहिरात असेल तर तो धंदा का? विद्यापीठाने छापलेलं पण विकलं जाणारं पुस्तक? विकिपीडिया तर अशा अटीच्या प्रतिमा घेतच नाही, म्हणजे जिथे सगळ्यांत जास्त लोक पाहतील तिथेच चित्र पोचत नाही.

विसाव्या शतकाचं भगदाड

इथवर संग्रहालयांना बरंच बोललो. आता त्यांची खरी अडचण. २०११ मध्ये गूगलने १७ संग्रहालयांची दालनं घरबसल्या पाहता येतील असा आर्ट प्रोजेक्ट आणला. चालता चालता मध्येच एखादी चौकट धूसर केलेली दिसायची. त्या चौकटीत विसाव्या शतकातलं एखादं चित्र असायचं, ज्याची परवानगी नव्हती. चित्र संग्रहालयाचं, भिंत संग्रहालयाची, आणि तरी दाखवता येत नाही.

आधुनिक कलेच्या संग्रहालयाला अशी परवानगी एकेका कलावंताकडून किंवा वारसांकडून घ्यावी लागते. प्रसिद्ध कलावंतांच्या वतीने ब्रिटनमध्ये डॅक्स, फ्रान्समध्ये अडाग्प, अमेरिकेत एआरएस अशा संस्था शुल्क गोळा करतात. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हयात चित्रकाराचं मूळ चित्र एकदाच विकलं जातं, प्रतिमांच्या शुल्कातून त्याला पुढेही काही मिळतं. खरा गुंता अप्रसिद्धांचा. फोटोच्या मागे नाव नाही, किंवा नाव आहे पण वारस कुठे आहेत ते ठाऊक नाही. अशा बेवारस कामांसाठी ब्रिटनने २०१४ मध्ये सोय केली (युरोपीय संघाची २०१२ ची सोय सुट्या फोटोंना लागू नाही), पण मालकाचा रीतसर शोध घेतल्याचे पुरावे आधी जमवावे लागतात. हजारो फोटोंच्या संग्रहासाठी एवढा शोध घ्यायला माणसं कुठून आणायची? त्यापेक्षा खोकं बंद राहतं.

त्यात समाजमाध्यमं आली. वारसांनी दिलेली परवानगी अनेकदा फक्त संग्रहालयाच्या संकेतस्थळापुरती, ठरावीक आकाराची आणि ठरावीक काळाची असते. इन्स्टाग्रामवर चित्र टाकताना मात्र त्या कंपनीला पुढे वापरायचा व्यापक परवाना आपण देत असतो. जो हक्क संग्रहालयाकडेच नाही, तो ते देणार कसा? पाहुणा मोबाइलने फोटो काढून तेच चित्र दोन मिनिटांत टाकतो आणि प्रसिद्धी विभाग परवानगीची वाट पाहत बसतो. काही वारसांनी हे ओळखलं. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग याच्या नावाच्या फाउंडेशनने २०१६ मध्ये जाहीर केलं की शिक्षण, अभ्यास, संग्रहालयांचं काम अशा वापरांसाठी आमच्याकडे परवानगी मागत बसू नका. इतर मोठ्या कलावंतांच्या वारसांनी हे धोरण उचललं असतं तर ते भगदाड बरंच बुजलं असतं.

सगळंच खुलं करावं का?

नाही, आणि इथे खुलेपणाच्या समर्थकांनीही थांबावं. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयाने २०१४ मध्ये हजारो मोठ्या प्रतिमा मोकळ्या केल्या, पण माओरी समाजाच्या वारशाच्या वस्तूंसाठी त्या त्या समूहाशी बोलून ठरवण्याची पद्धत ठेवली. कॉपीराइट संपलेला असतो, किंवा त्या कायद्याच्या चौकटीत तो कधी नव्हताच. तरी पूर्वजांची प्रतिमा कपड्यावर छापली जावी का, हे सांगायचा अधिकार कोणाचा तरी असतो. लोकल कॉन्टेक्स्ट्स हा उपक्रम अशा वस्तूंच्या नोंदींना जोडायच्या खुणा तयार करतो: ही वस्तू विशिष्ट ऋतूतच पाहायची, ही फक्त स्त्रियांसाठी, वगैरे. कायद्याने त्या बंधनकारक नाहीत. पाहणाऱ्याला विचार करायला लावणं एवढंच त्यांचं काम.

नवा प्रश्न यंत्रांचा आहे. खुली प्रतिमा माणसासाठी खुली असते तशी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठीही. युरोपीय संघाच्या त्याच २०१९ च्या निर्देशात, संशोधन संस्था आणि संग्रहालयांना अभ्यासासाठी असा डेटा गोळा करायची मुभा आहे. इतरांनाही आहे, पण तिथे हक्कधारकाला ‘माझं घेऊ नका’ म्हणता येतं. पब्लिक डोमेनमधल्या चित्राला हक्कधारकच नसल्यामुळे ‘नको’ म्हणणारंही कोणी नाही. कायद्याच्या दृष्टीने तिथे तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांची. डेटा उपसणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, एकाच वेळी इतक्या फाइली मागतात की संकेतस्थळ कोलमडतं, आणि छोट्या संग्रहालयाकडे त्यासाठी जादा पैसा नसतो. त्यामुळे ज्यांनी परवान्याची अट काढून टाकली, त्यांच्यातलेच काही आता लॉगिन, वेगमर्यादा आणि ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारणाऱ्या चौकटी लावत आहेत. आणि त्यात संपूर्ण संग्रह एकदम उतरवून त्यावर काम करू पाहणारी एखादी संशोधकही बाहेर अडकते.